चढताना एक दगड

"कुऱ्हाड खाली ठेव, आबा! माणसं भेलीत."

"भिऊ दे. आधी त्यायच्या काठ्या मोड. टोकं बघ, टोकं! मेंढराला बी कुणी असं टोचत नाय."

"चढायला आधार लागतो त्यायला."

"मंग म्हाताऱ्यांनी घरी बसावं!"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हाताऱ्या मुंजाबाची कुऱ्हाड फिरली. शहरातून पन्नास जणांना घेऊन आलेल्या अतुलच्या हातातली काठी मधोमध तुटली आणि लोखंडी टोक त्याचा गाल फाडत गेलं. अतुलनं म्हाताऱ्याची गचांडी धरून त्याला बोराटीत फेकलं. काटे अंगात घेऊनच मुंजाबा उठला, आणि त्यानं एडक्यासारखी डोक्यानं धडक दिली. अतुल आडवा. मुंजाबाचा गुडघा त्याच्या नरड्यावर.

फर्दापूरच्या डोंगरातली ही नागमोडी वाट मुंजाबाच्या घराण्यानं राखली होती. रीत एकच. वर बिरोबाला जाणाऱ्यानं एक दगड न्यायचा, वाट जिथं खचली असेल तिथं काठाला ठोकून बसवायचा, मगच हात जोडायचे. त्याच्या बायकोनं, राजाबाईनं, नवी नवरी असताना बसवलेला दगड मुंजाबा अजून ओळखायचा.

ट्रेकवाल्यांना रविवारी वर नेणारा वाटाड्या त्याचाच मुलगा, अजिनाथ. रीत त्यानंच हौसेनं सांगितली, "देवाला एक दगड न्या." लोकांनी हाताशी होते तेच, वाटेच्या काठाचे दगड उपटले. वर देवापुढं त्यांचे मनोरे रचले, फोटो काढले. वळणं टाळून जाड बुटांनी सरळ उताराला खाली आले. गवत गेलं, माती उघडी पडली, काठ्यांच्या भोकांत पाणी मुरलं. श्रावणात काठ सुटला तो चाऱ्याचा भारा घेतलेल्या राजाबाईसकट. तिचं खुब्याचं हाड मोडलं. आता ती खाटेवर होती. पुन्हा चढणार नव्हती.

अजिनाथनं बापाला मागून कवळ्यात धरून ओढलं. "मरंल तो!"

"मरू दे! तुझी माय जित्ती मेली!" मुंजाबानं मुलाच्या तोंडावर उलट्या हाताची दिली. ओठ फुटला. "दगड वढ्यातला न्यायचा असतो, भाड्या! वाटंचा नाय! सांगितलं का व्हतं त्यायला?"

अजिनाथ रक्त थुंकला.

"मला कुठं ठावं व्हतं?"

"धनगराच्या पोराला ठावं नाय?"

"तू खांद्यावर बसवून न्यायचा मला. वरच्या वळणाला पोचलो की हातात दगड द्यायचा, म्हणायचा, बसव. सातव्या वर्षी आश्रमशाळेत टाकलं. दगड कुठून उचलायचा, हे कवा सांगितलं, आबा? सांग की!"

अतुल खोकत उठून बसला. कुणी हसेना.

मुंजाबानं मुलाकडं पाहिलं. खाली पडलेली कुऱ्हाड उचलली नाही. पाठीतले काटे तसेच घेऊन तो वळला आणि एक एक वळण धरत ओढ्याकडं उतरू लागला.