घर की हात

ऑस्ट्रेलियात, क्रेगीबर्नला मुलाच्या घरासमोरून एक गोरा म्हातारा रोज जायचा. गळ्यात पेटीएवढा जुना कॅमेरा. डोळ्याला न लावता तो पोटाशी धरून वरून आत बघायचा. मी चौथी नापास, पण कामाचा माणूस मला चालण्यावरून कळतो.

मला गावाला फोटो पाठवायचा होता. बायको पुढे आणि मुलाचं नवं घर मागे. बायकोचे हात सहा वर्षं सारखे कापायचे, म्हणून ती फोटोला नकोच म्हणायची. तरी मी तिला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि त्याला बोलावलं.

त्याने आपल्या तळव्यावर पडलेला उजेड मोजला, भिंगाची कडी फिरवली. मग तिच्या हातांकडे बघून थांबला आणि सुनेशी इंग्रजीत बोलला. सुनेने मला मराठीत सांगितलं.

"बाबा, आज ढग आहेत. लेन्सचं तोंड बारीक ठेवलं तर घर स्पष्ट येईल, पण शटर हळू पडेल, आईंचे हात पुसट येतील. तोंड मोठं केलं तर शटर झटकन पडेल, हात स्थिर दिसतील. घर मात्र धूसर होईल."

"दोन्ही पाहिजे म्हणावं."

त्याने मान हलवली. "हाऊस ऑर हँड्स, मेट."

तेवढं मलाही कळलं. मी घरच म्हणणार होतो. तेवढ्यात बायकोने हात पदराखाली घेतले.

"हात," मी म्हणालो.

त्याने कडी पुन्हा फिरवली आणि ती हात बाहेर काढेपर्यंत वाट बघितली.

आता ती नाही. गावाकडचे विचारतात, फोटोत घर कुठंय? मी सांगतो, मागे आहे. तिचे हात मांडीवर निवांत आहेत.