तीन मिनिटांच्या डावातली माझी प्रगती

लाज वाटावी असे प्रसंग कोणी जपून ठेवत नाही. तरीही ते साठतात. आपल्या चांगल्या कृत्यांची लोकांना आठवण करून द्यावी लागते. या प्रसंगांना मात्र चार मित्र पुरतात. आमच्या वाचनालयाच्या ओसरीवर कोणी नवा माणूस आला, की चहा आणि माझा पहिला किस्सा त्याच्यासमोर एकदमच येतात! दुसऱ्यांच्या तोंडी या किश्शांना मीठमसाला लागतो. म्हणून ठरवले, की एकदा आपणच सांगावे. निदान घडले तेवढेच सांगितले जाईल.

धुळ्याच्या देवपुरातल्या या ओसरीवर आम्ही पाच जण रोज सायंकाळी बुद्धिबळ खेळतो. पट नाही, सोंगट्या नाहीत; प्रत्येकाच्या हातात मोबाईल. संपूर्ण डावासाठी ज्याला त्याला तीन मिनिटे. तेवढी संपली की डाव गेला, मग तुमचे सैन्य कितीही शाबूत असो. हा नाद आम्हाला आबांनी लावला. आबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. घोडा कसा चालतो इथपासून सगळे त्यांनीच आम्हाला शिकवले.

दरवर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी जळगावच्या मंडळींशी आमचा सामना होतो. समोरासमोर बसून, पण मोबाईलवरच. आदल्या शनिवारी सायंकाळी ज्याचे रेटिंग, म्हणजे ॲपने दिलेले गुण, सर्वांत जास्त, त्याने पहिल्या बोर्डावर, म्हणजे मानाच्या पहिल्या टेबलाशी, बसायचे. हा मान आजवर आबांचाच होता. मी शाळेत तीस वर्षे मुलांना निरिच्छपणा शिकवला. गेल्या सामन्यात मात्र मी पाचव्या बोर्डावरून, एका खांबाच्या आडून, आबांना त्या खुर्चीवर बसताना पाहिले आणि मला ती खुर्ची हवीशी झाली. पुढचे सगळे त्यातून घडले.

* * *

माझे पहिले गुरू आबा, दुसरे भीमराव. भीमराव निवृत्त बसचालक. बोलणे अहिराणी, आणि खेळणे चालत्या गाडीसारखे. त्यांनी माझे चार डाव मागे उभे राहून पाहिले आणि निदान केले:

"गुरजी, तुम्ही पहिल्या दहा चालीस्मा बठ्ठा टाइम घालतस. पुढे घाट लागस तवय टाकीमा डिझेलच नई शे!"

"मी विचार करून खेळतो, भीमराव."

"इचार कराले मना ना नई. पन तुम्ही गाडी स्टँडमाच उभी करीसन इचार करतस!"

बोलणे खरे होते. मी पहिल्या दहा चाली पाठ केल्या. पाठांतर हा माझा धंदाच होता. दुसऱ्या दिवशी त्या दहा चाली मी आठ सेकंदांत खेळलो. समोरचा काय खेळतो आहे, हे पाहण्याची गरजच वाटली नाही. सहाव्या चालीला माझा वजीर त्याच्या उंटाच्या माऱ्यात जाऊन उभा राहिला आणि मेला.

भीमराव मागेच होते. "गाडी पळनी, गुरजी. पन रूट दुसराच व्हता!"

* * *

सराव वाढवायचा तर वेळ हवा. दिवसातून कोणता वेळ काढावा याचा मी विचार केला आणि जो कधीच तक्रार करत नाही, त्याचा काढला. सकाळचा जप.

डाव्या हातात माळ, उजव्या हातात मोबाईल. मणी सरकत होते, प्यादीही सरकत होती. दोन्ही साधते आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. सौभाग्यवती परडीत फुले घेऊन आल्या आणि थांबल्या.

"अहो, देवालाही तीनच मिनिटं का?"

मी मान वर न करता म्हणालो, "थांब. वेळ कमी आहे."

"कुणाकडे?"

माझा हत्ती अडचणीत होता. त्यांनी माझ्या डाव्या हातातली माळ अलगद काढून खुंटीला लावली. मला ते डाव संपल्यावर कळले. तोपर्यंत माझी बोटे रिकामीच फिरत होती!

* * *

या खेळात प्रीमूव्ह नावाची एक सोय आहे. समोरच्याने चाल करण्याआधीच आपले उत्तर नोंदवून ठेवायचे. त्याची चाल झाली, की आपली चाल आपोआप होते आणि एक क्षणही खर्ची पडत नाही. तीन मिनिटांच्या डावात हे फार मोठे शस्त्र आहे. मी ते आत्मसात केले, आणि सवय हातापुरती राहिली नाही.

सोनगीरला माझे एक जुने सहकारी राहतात. कामानिमित्त तिकडे गेलो होतो, म्हणून त्यांच्या दारी गेलो. त्यांनी दार उघडले. डोक्याचे पूर्ण मुंडण झालेले. घरात वृद्ध आई आजारी असते, हे मला ठाऊक होते. मी त्यांचे दोन्ही हात धरले.

"आई फार पुण्यवान. सुटल्या. आता तुम्ही धीर धरा."

ते काही बोलू लागले. मी हात वर केला. "काही बोलू नका. मला सगळं कळतं."

आतल्या खोलीतून आवाज आला, "कोन सुटनं रे? आनि हाऊ कोन शे?"

सहकारी आदल्याच दिवशी बालाजीचा नवस फेडून आले होते! मुलाला नोकरी लागली होती. मी धरलेल्या त्यांच्या हातांत प्रसादाचा लाडू होता आणि माझ्या सांत्वनाने त्याचा चुरा झाला होता. मातोश्री काठी टेकत बाहेर आल्या, दुसरा लाडू त्यांनी स्वतः माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खा गुरजी. मी जित्ती शे तवलोंग खाई ल्या!"

घाईने बोललेली सहानुभूती ही सहानुभूती नसते. ती आपली हजेरी असते. हे मी त्या लाडवाबरोबर गिळले. ओसरीवर सांगायला नको होते, पण सांगितले. आमच्यात सुलभाअक्का आहेत. सरकारी दवाखान्यात त्यांनी परिचारिका म्हणून सारी नोकरी केली. त्या हसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सर, समोरच्याची चाल तर होऊ द्यायची!"

* * *

याच अक्कांनी एकदा डाव चालू असताना माझे मनगट धरले. शेवटचे दहा सेकंद होते, कपाळाला घाम होता, आणि मी पुटपुटत होतो, असे म्हणतात, "याची मस्ती जिरवतो, याची मस्ती जिरवतो!"

"नाडी एकशे अठरा," अक्का म्हणाल्या. "समोर आहे तरी कोण एवढा?"

त्यांनी वाकून पडद्यावर पाहिले.

"सर, हा माणूस नाही. हा ॲपचा संगणक आहे. आणि खाली लिहिलंय, नवशिक्यांसाठी."

* * *

पाचवे नेमिचंदशेठ. कापडाचे व्यापारी, घराणे मूळचे राजस्थानचे. आता दुकान मुलांच्या हाती. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून ते जिंकत आलेला डावही सोडून उठतात. "हारलो, सर," म्हणतात आणि चपला घालतात. त्यांचे रेटिंग यामुळे कधी वाढले नाही. त्यांना त्याचे दुःख झालेले मी पाहिले नाही.

पर्युषण संपले की जैन माणूस सर्वांची क्षमा मागतो. यंदा शेठजींच्या मनात आले, की आपण वर्षभर इतक्या अनोळखी लोकांना हरवले, त्यांचे मन दुखावले असेल. त्यांनी ॲपवर अशा प्रत्येकाला "मिच्छामी दुक्कडम्" पाठवले. देशोदेशीच्या माणसांना! त्यांतल्या काहींना ती शिवी वाटली. तक्रारी गेल्या आणि ॲपने शेठजींचे संदेश आठवडाभर बंद केले.

"माफी मागितली म्हणून सजा!" शेठ सांगत होते. "असा न्याय पाहिला का कुठं?"

आम्ही पुष्कळ हसलो. मग ते उठून माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. "तुम्हाला समोरासमोरच मागतो, सर. वर्षभरात काही बोललो असेन तर क्षमा करा."

माझा डाव चालू होता. मी म्हणालो, "एक मिनिट, शेठ."

ते हात जोडून उभे राहिले. डाव संपेपर्यंत तसेच. मी मान वर केली, तेव्हा सूर्य गेलेला होता आणि शेठजींचे त्या दिवसाचे जेवणही.

तो डाव मी जिंकलो.

* * *

आता सामन्याच्या आदल्या शनिवारचे.

आबांची बोटे गेल्या वर्षापासून थरथरतात. ते त्याविषयी बोलत नाहीत. आम्हीही बोलत नाही. कधी बोट भलत्याच घरावर टेकते आणि नको ती चाल होते. ॲपवर टेकबॅक म्हणून एक विनंती असते. चाल परत मागायची. समोरच्याच्या पडद्यावर ती विनंती दिसते. त्याने "होय" दाबले की चाल मागे जाते. आबांनी मागितली की आम्ही देतो. हा नियम कोणी लिहिला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता.

वर्षभराच्या सरावाने माझे गुण चढले होते, आबांचे बोटांपायी उतरले होते; त्या सायंकाळी ते माझ्यापुढे फक्त चार गुणांनी होते. दोघांमधला एकच डाव उरला होता. जो जिंकेल तो उद्या जळगावला पहिल्या बोर्डावर. शेठ जेवायला गेले होते. अक्का आणि भीमराव पाहत होते.

मी हरत होतो. हे स्पष्ट लिहितो. माझा एक हत्ती आधीच गेला होता, उरलेला हत्ती आता आबांचा वजीर घेणार होता. माझ्याकडे पाव मिनिटाहून थोडा अधिक वेळ होता, आबांकडे त्याहून कमी. त्यांचे बोट वजिराला घेऊन निघाले आणि हत्तीच्या एक घर अलीकडेच टेकले. तिथे माझे प्यादे वजिराला सहज मारू शकत होते.

विनंती आली. मी विनंतीकडे पाहिले. मग घड्याळाकडे. मग वजिराकडे. मग वजीर मारला.

आबांनी डाव सोडला आणि मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. "अभिनंदन, सर."

अक्का म्हणाल्या, "आबांनी टेकबॅक मागितली होती ना?"

"दिसली नाही," मी म्हणालो.

भीमराव छताकडे पाहत म्हणाले, "नेट गयं व्हई."

नेट गेले नव्हते. तीस वर्षे मी वर्गातल्या फळ्यावर सुविचार लिहीत आलो आणि त्यांतला अर्धा भाग सत्याविषयीच असे. घरी येऊन देवापुढे उभा राहिलो. हात जोडले गेले. माळ मात्र खुंटीवरच राहू दिली.

* * *

रविवारी सकाळी पाचही जण बसने जळगावला निघालो. पारोळ्याच्या पुढे अक्कांनी सर्वांना पुऱ्या वाटल्या. मला दोन जास्त मिळाल्या. पहिल्या बोर्डाचा मान म्हणून! त्या खाववल्या नाहीत.

जळगावला सभागृहात पाच टेबले मांडली होती. त्यांची मंडळी, त्यांच्या घरची माणसे, मागे भरीत-भाकरीची तयारी. संयोजक एक उंच, मोठ्या आवाजाचे गृहस्थ आहेत. कागद हातात घेऊन त्यांनी सवयीने हाक मारली, "धुळे, पहिला बोर्ड. आबा, या!"

"यंदा सर," आबा म्हणाले आणि दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसले.

टाळ्या वाजल्या. मी उठलो. त्या खुर्चीपाशी गेलो, तिच्या पाठीला हात लावला आणि मला बसता आले नाही.

"विनंती मला दिसली होती," मी म्हणालो.

"कसली विनंती?" संयोजकांनी विचारले.

मी सांगितले. बोटे, टेकबॅक, वजीर, आणि ओसरीवर बोललेले खोटे. उभ्या उभ्या, सर्वांसमक्ष. शाळेत मुलांना असे उभे करत होतो, तेव्हा ते इतके लांबते हे मला माहीत नव्हते. अक्का पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. भीमराव जमिनीकडे पाहत होते.

अखेर संयोजकांनी घसा साफ केला. "मग प्रश्नच नाही. आबा, तुम्ही इकडे या. आमची काही हरकत नाही."

आबा जागचे उठले नाहीत. थरथरता हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली धरला होता.

"नाही. तिथे सरच बसतील."

"अहो पण, आबा, यांनी स्वतःच तर आत्ता सांगितलं—"

"ते मला कालच कळलं होतं," आबा म्हणाले. "वजीर फुकट पडला होता. तो उचलायला अर्धा सेकंदही लागत नाही. सरांना अकरा लागले. अकरा सेकंद जो स्वतःशी भांडतो, तो त्या खुर्चीला चालतो. मी घड्याळच पाहत होतो."