नाचलं का पाणी?

"नाचलं का पाणी?" फिजिओथेरपीवाल्या मॅडम विचारायच्या.

शेक द्यायच्या अल्ट्रासाऊंड मशीनची चपटी मूठ त्या उलटी धरायच्या, तिच्यावर पाण्याचा थेंब सोडायच्या आणि बटण दाबायच्या. थेंब थरथरला की मशीन चालू. त्याचा आवाज काही ऐकू येत नाही, म्हणून पेशंटला हे दाखवल्याशिवाय त्या मूठ अंगाला लावत नसत. लातूरच्या त्या खोलीत तुम्ही आला असतात, तर तुम्हीही आधी तो थेंबच बघितला असता.

मी किनवटकडची. शाळा सातवीत सुटली. इथं क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या करते. मागं उजवा खांदा धरला. हात वर जाईना, लाटणं फिरेना. मालकीणबाई म्हणाल्या, "थोडे दिवस बघते. नाहीतर दुसरी बाई लावावी लागंल." ती धास्ती घेऊनच मी त्या पलंगावर बसले.

मॅडम गार जेल लावून मूठ गोल गोल फिरवायच्या. दारातून कुणी हाक मारली तरी हात चालूच. "एका जागी थांबलं की आत चटका बसतो," म्हणायच्या. "कोमट वाटलं तर ठीक. टोचलं तर लगेच सांगायचं."

मी जन्मभर विटेचा शेक घेतलेली. जितकं भाजंल तितका गुण, एवढंच ठाऊक. एकदा हाडात टोचायला लागलं, तरी गप्प राहिले.

"दुखून राहिलं ना?"

"न्हाई मॅडम, लई बरं वाटून राहिलं."

"मग पायाची बोटं कशाला आखडली?" त्यांनी मूठ उचलली, मशीन कमी केलं. "मावशी, हा तुमचा तवा नाही. इथं सोसायचं नाही, सांगायचं."

असं मला कुणी म्हटलंच नव्हतं. डोळे भरून आले. त्यांनी विचारलं, आज मेसमध्ये भाजी कसली होती?

मग भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम लावला. "नुसत्या मशीनच्या भरवशावर राहू नका." हात हळूहळू वर जायला लागला. काम टिकलं.

शेवटी शेवटी त्यांच्याच अंगठ्याला पट्टी दिसली.

"काय झालं?"

"काही नाही हो."

"मॅडम, इथं सोसायचं नाही."

त्या खळखळून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिवसभर मूठ धरून धरून दुखून जातो अंगठा." मी तो हातात घेतला आणि कणीक मळतात तसा, पण हलक्यानं, दाबत बसले. त्यांनी डोळे मिटले.

दिवाळीनंतर त्या देगलूरला, आपल्या गावी कायमच्या गेल्या.

तवा तापला का बघायला मी रोज पाणी शिंपडते. थेंब नाचतात. मग उजवा हात सरळ वर नेऊन फळीवरचा पिठाचा डबा काढते, आणि मनात येतं, तिकडं अंगठा दुखला तर त्या कुणाला सांगत असतील?