वजन तीन टन

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी संगणक विभागात होतो. विभाग म्हणजे एक एसीची खोली, मुख्य मशीन आणि मी. बाकी ठिकाणी, म्हणजे गेट, स्टोअर, खरेदी, तपासणी इथं काळ्या पडद्याची, हिरव्या अक्षरांची टर्मिनलं होती. गेटवर मालाचा ट्रक आला की पूर्वी माणूस पळत स्टोअरला जायचा. ते थांबवायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. गेटवाल्यानं गाडी नंबर, माल, कुठून आला, वजन आणि शेरा टाईप करायचा, की सगळ्या टर्मिनलांवर एकदम निरोप जायचा. पहिला निरोप गेला त्या दिवशी मी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना भजी खाऊ घातली होती, इतका खूष होतो.

गेटवर सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले हवालदार होते. त्यांना माझा प्रोग्राम अर्धवट वाटला.

"आवं सायेब, निरोप गेला म्हंजे पोचला असं न्हाई. पोच कुठाय?"

"हवालदार, मशीन पाठवतंय. ते चुकत नाही."

"मशीन न्हाई चुकत. वाचणारा कुठं जाग्यावर असतुय?"

तेवढ्यावर थांबते तर ते हवालदार कसले. प्रत्येक निरोपानंतर ते चार ठिकाणी इंटरकॉम फिरवून "मिळाला का?" विचारू लागले. माझ्याकडं दिवसातून इतके फोन, की मी चिडून त्यांना पाहिजे ते करून दिलं. आता निरोप आला की टर्मिनल बीप बीप करायचं, आणि कुणीतरी बटण दाबून पोच दिल्याशिवाय गप्प बसायचं नाही. कुणाची पोच आली, कुणाची राहिली, ते गेटच्या पडद्यावर दिसायचं. सगळा कारखाना त्या आवाजाला वैतागला आणि शिव्या मात्र मला बसल्या. हवालदार तेवढे समाधानी.

त्या साली बायको बाळंतपणाला सांगलीला माहेरी गेली होती. आदल्या वर्षी आमचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यामुळं या खेपेला आम्ही कुणालाच फारसं सांगितलं नव्हतं. पाळणा आणला नव्हता, नावाचा विषय काढला नव्हता. आनंद दाखवला तर दृष्ट लागेल असं मी, शिकलासवरलेला माणूस, मनातून मानत होतो.

एके सकाळी मेव्हण्याचा फोन आला. दिवस भरायच्या आधीच तिला दवाखान्यात दाखल केलं होतं. बाहेरचे फोन गेटवरच यायचे. मी दुपारच्या एसटीनं निघणार होतो, तोवर दर थोड्या वेळानं गेटवर जाऊन विचारत होतो. शेवटी हवालदारांनीच मला हाकललं.

"तुमी जावा बगू. हितं फेऱ्या मारून फोन लवकर येतुय व्हय? आला की कळवतो."

मी खोलीत येऊन बसलो. आदल्या दिवशीच्या वळवाच्या पावसानं इंटरकॉम बंद पडला होता, हे त्या गडबडीत माझ्या ध्यानातच आलं नाही.

आणि बीप सुरू झाली. माझं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं, त्यात ट्रकचं कौतुक कुणाला! रागानं पडद्याकडं बघितलं. टर्मिनलवर मराठी उमटत नसे, म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायचो. तिथं आलं होतं:

गेटवर ट्रक आला आहे. गाडी नंबर: एक. माल: मुलगी. कुठून: सांगली. वजन: तीन टन. शेरा: माल चांगला, आई पण चांगली.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा कुठला माल, तेच कळेना. दुसऱ्यांदा वाचताना "सांगली" शब्दापाशी अडकलो. तिसऱ्यांदा फक्त शेरा वाचला. वजनापुढं टन हा शब्द माझा प्रोग्रामच आपणहून लावायचा, तो बिचाऱ्या हवालदारांना खोडता आला नव्हता.

बाहेर स्टोअरकडून खुशीचा आरडाओरडा ऐकू आला, कुणी तरी टेबल बडवत होतं. तिकडची बीप एकेक करून थांबली असणार. माझ्या खोलीतली चालूच होती. बटण बोटभर अंतरावर होतं आणि माझ्याच्यानं हात उचलवत नव्हता.

थोड्या वेळानं दार उघडून हवालदार आत आले. खाकी घामानं भिजलेली, सायकल दामटत आलेले.

"सगळ्यांची पोच आली. तुमचीच न्हाई. आमच्यात पोच न्हाई आली तर मानूस धाडायची रीत हाय. गेटवर दुसऱ्याला बसवलंय आन् मीच आलो."

"हवालदार, खरं आहे ना हे?"

"तर! तुमचं मेव्हणं हुतं फोनवर. दोनदा वदवून घेतलं. म्हनलं, पोरीचं कळलं, आईचं पुन्यांदा सांगा. मगच लिवलं." मग त्यांनी किंचाळणाऱ्या टर्मिनलकडं बोट केलं. "पैली पोच द्या."

मी बटण दाबलं. खोली एकदम शांत झाली.

"हां. आता रडा खुशाल," हवालदार म्हणाले, आणि कुणी आत येऊ नये म्हणून दाराकडं तोंड करून उभे राहिले.