क्लोटिल्डाचा कॅलालू

बेटावरच्या बेलमाँट वस्तीत, वळणावर क्लोटिल्डा खाऱ्या माशाची भजी तळून विकायची आणि रविवारी कॅलालू. अळू, भेंडी, खेकडा, नारळाचं दूध, सगळं एकत्र घोटलेलं दाट कालवण. बेलमाँटातल्या कुठल्याही घरी शिजतो तसाच. पण हिचा कॅलालू खाल्ला की माणूस बोटं चाटत बसायचा.

त्या वर्षी कार्निव्हलच्या आधी एक गिऱ्हाईक भजी घेताना काहीतरी गुणगुणलं. त्यात आपलं नाव ऐकून क्लोटिल्डाचा झारा कढईतच थांबला.

"कुठलं रे हे गाणं?"

"तुला ठाऊक नाही? कार्निव्हलच्या गाण्यांच्या तंबूत तो गवई लॉर्ड ट्रॉवेल रोज म्हणतोय." तो पुडी हातात खेळवत हसला. "यात काही घातलं नाहीस ना?"

गाण्यात हिरव्या दाराची क्लोटिल्डा होती. ती नवऱ्याला वश करायला त्याच्या कॅलालूत काहीबाही कालवते आणि तो बिचारा मांजरासारखा तिच्या पायात घोटाळत राहतो. क्लोटिल्डाच्या घराचं दार हिरवं होतं.

तिचा नवरा हिल्टन गोदीत हमाल होता. पहिल्यांदा तोही हसला. पण कार्निव्हल संपला, उपासाचे दिवस लागले, तरी गाणं काही थांबेना. मग हिल्टन ताटावर वाकून वास घ्यायला लागला.

"काय हुंगतोस?"

"काही नाही. थाइमचा पाला जास्त झालाय वाटतं."

"सतरा वर्षं तेवढाच घालते."

"हो, पण घालतेस ना," असं म्हणून त्यानं ताट सारलं आणि तो बहिणीकडे जेवायला गेला.

क्लोटिल्डाच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला: हे दार त्या गवयाला दाखवलं कुणी? शेजारच्या इस्मेवर तिचा संशय गेला. आपण परसात अळू खुडताना कुंपणावरून बघत असते ती नेहमी. क्लोटिल्डानं तिच्याशी बोलणं टाकलं. इस्मेनं विचारलं, "माझं काय चुकलं गं?" तर म्हणाली, "तुझं तुला माहीत."

मग गाण्याच्या नाना तऱ्हा कानावर यायला लागल्या. सान फर्नांदोहून आलेली मावसबहीण म्हणाली, आमच्याकडे त्या बाईचं नाव फिलोमिना. ग्रेनाडाच्या एका खलाशानं सांगितलं, आमच्या गाण्यात बायको नाहीच, सासू आहे, आणि कॅलालूऐवजी बोकडाचं सूप. पुढे अमेरिकेहून तबकडी आली. तिच्यात कुणा गोड गळ्याच्या गायकानं वशीकरणाचं नावच काढून टाकलं होतं. नुसता चंद्र, समुद्र आणि कॅलालू. हॉटेलात गोरी जोडपी त्यावर नाचायची.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चला, गाणं काही माझं एकटीचं नाही. क्लोटिल्डाला उलटंच वाटलं. जागोजाग नाव बदलतं, तर बेलमाँटात नेमकं माझंच कसं?

लॉर्ड ट्रॉवेल हे गवयाचं गाण्यापुरतं नाव; एरवी तो गवंडी होता. वुडब्रुकला एक भिंत बांधत होता, तिथं जाऊन ती उभी राहिली.

"मीच ती क्लोटिल्डा."

त्यानं थापी खाली ठेवली. "बाई, गाणं माझ्या आजीचं आहे. आमच्या जुन्या फ्रेंच बोलीत, पात्वात म्हणायची. तिच्या गाण्यात बाईचं नाव झाबेत. मला नवं नाव हवं होतं, तुझं चालीत बसलं."

"आणि हिरवं दार? तेही चालीत बसलं?"

हातावरचा चुना पुसत तो म्हणाला, "गुत्त्यात एक जण सांगत होता. माझी बायको कॅलालूत काय घालते देव जाणे, दुसरीकडे घास उतरत नाही. तुझं नाव, दाराचा रंगसुद्धा त्यानंच सांगितला. हिल्टन का कायसं नाव."

क्लोटिल्डा घरी आली, तेव्हा हिल्टन पायरीवर बसला होता.

"गुत्त्यात माझ्याबद्दल काय बरळलास?"

त्याचा चेहरा पार उतरला. "अगं, कौतुकानं बोललो मी."

"मग जेवत का नाहीस?"

"आता सगळं गावच म्हणतंय..." स्वतःच उठवलेली आवई फिरून कानावर आली, तर ती त्यालाच खरी वाटायला लागली होती.

"जा," क्लोटिल्डा म्हणाली. "त्याच गुत्त्यात उभा राहा आणि सांग, माझी बायको काही घालत नाही म्हणून."

हिल्टन गेला आणि चारचौघांत तसं म्हणालाही. गुत्ता हसून हसून लोळला. "बघा रे, इतकं घातलंय, की हेसुद्धा तिनंच बोलायला लावलं." पुढच्या कार्निव्हलला ट्रॉवेलच्या गाण्यात त्याचंच एक नवं कडवं आलं.

इस्मेकडे क्लोटिल्डा स्वतः भजी घेऊन गेली. "माझीच चूक झाली," म्हणाली. इस्मेनं एक भजं मोडलं, आत नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आधी तू खा." क्लोटिल्डानं खाल्लं. मगच इस्मेनं तिला आत घेतलं.

रविवारी गर्दी वाढली. बायका बाजूला घेऊन हळूच विचारायच्या, "खरं सांग, काय घालतेस?" ती "थाइम" म्हणायची, आणि कुणाचाही विश्वास बसायचा नाही.

बहिणीच्या हातचं अळणी जेवून कंटाळल्यावर हिल्टन परत घरी जेवायला लागला. फक्त बसल्या बसल्या तो ताटांची अदलाबदल करायचा; तिचं आपल्यापुढे ओढायचा, आपलं तिच्यापुढे सारायचा. हळूहळू क्लोटिल्डा खेकड्याचे मोठे तुकडे हिल्टनच्या ताटात वाढायला लागली, आणि ताट फिरून आपल्यापुढे आलं की निवांत खायची.