गप्प पंख्याची तक्रार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींचं दुकान आहे. पाटीवर ‘सर्व प्रकारची विद्युत उपकरणे दुरुस्त करून मिळतील’ असं भारदस्त वाक्य असलं, तरी लोक त्यांच्याकडे जातात ते वेगळ्याच कारणासाठी. बंद पडलेलं यंत्र काय, कोणीही चालू करून देतो. चालू असलेल्या यंत्राचं तोंड बंद करणं हे मिस्त्रींचं काम. कुरकुरणारे पंखे, गुरगुरणारे फ्रिज, उगाच किंचाळणारे मिक्सर, सगळे त्यांच्याकडून शहाणे होऊन परत येतात.

त्यांची पद्धत बघण्यासारखी. हातभर लांबीचा पेचकस घ्यायचा, त्याचं टोक यंत्राच्या अंगाला लावायचं, लाकडी मूठ कानापुढच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. मग थोड्या वेळाने, एखाद्याच्या घरातलं गुपित कळल्यासारखा चेहरा करून म्हणायचं, “मागचा बुश गेलाय.” उघडून बघितलं की दांडा ज्यात फिरतो तो मागचा बुश खरोखरच झिजलेला असायचा.

मिस्त्री आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मुलगा कामानिमित्त दूर असतो, त्यामुळे घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. दिवसभर यंत्रांना गप्प करणाऱ्या या माणसाने लग्न मात्र अशा बाईशी केलंय की जिचं बोलणं कशानेच थांबत नाही. वहिनींना हे मान्य आहे. “बाहेर काय ती मर्दुमकी गाजवायची ती गाजवा म्हणावं,” त्या म्हणतात, “घरातला बुश मी आहे, आणि मी जाणार नाही.”

दुपारी मिस्त्री जेवायला घरी यायचे. जेवण झालं की पुढच्या खोलीच्या खिडक्या अर्ध्या लोटून दोघं तिथेच चटईवर आडवे व्हायचे आणि वहिनी गल्लीच्या बातम्या सांगायच्या. कोणाची सून बोलत नाही, कोणाचा जावई फारच बोलतो, कोणी गाडी घेतली आणि लावायला जागा नाही. मिस्त्री मधून मधून “हं” म्हणायचे. हे “हं” झोपेतलं आहे की जागेपणीचं, हे वहिनींना सुरावरून कळायचं. झोपेतलं असलं तर त्या आवाज खाली आणायच्या, पण बातमी अर्धी सोडायच्या नाहीत.

या सुखाला दृष्ट लागली ती फ्रिजमुळे. निदान मिस्त्रींना तसं वाटलं. एका दुपारी वहिनी बोलत असताना ते उठून बसले आणि म्हणाले, “फ्रिज शिट्टी वाजवतोय.”

“मला नाही ऐकू येत.”

“तुला कसं येईल? तू बोलतेयस.”

दुसऱ्या दिवशी फ्रिज खोलीच्या मध्यभागी आला. मिस्त्रींनी त्याचे रबरी पाय बदलले, मागची नळी कापडाने बांधली, छताच्या पंख्याची पाती पुसली. शिट्टी चालूच. मग ट्यूबलाइटचा चोक बदलला. मग भिंतीवरचं घड्याळ दुकानात नेऊन ठेवलं. मग एका सकाळी ते आमच्या दारात पेचकस घेऊन उभे राहिले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले की, आमचा पाण्याचा पंप बहुधा बारीक ओरडतोय. पंप महिन्याभरापासून जळालेला होता. आम्ही पाणी बादल्यांनी भरत होतो, आणि तो दुरुस्त करून द्यायचं त्यांनीच कबूल केलं होतं. हे त्यांना सांगितल्यावर ते बराच वेळ पंपाकडे बघत राहिले. मेलेल्या माणसाने शिवी दिल्यावर कोणी बघेल तसे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण काखेतच बघावं हे सांगणार कोण? ते काम शेवटी वीज कंपनीने केलं. एका दुपारी वीज गेली, पंखे थांबले, सगळी गल्ली एकदम चिडीचूप झाली. मिस्त्री पुन्हा एकदा फ्रिजला पेचकस लावून बसलेले होते. फ्रिज मेला, शिट्टी जिवंत. उलट आता तर अगदी स्वच्छ ऐकू येत होती. त्यांनी पेचकस खाली ठेवला. शिट्टी तिथेच. कानांवर हात दाबले. ती वाढली.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “सापडला का चोर?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “काही नाहीये. सोड.”

हे ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असावेत.

त्यानंतर मिस्त्री दुपारी घरी येईनासे झाले. दुकानात काम फार आहे म्हणून डबा मागवू लागले. काम नेहमीइतकंच होतं. पण दुकान हमरस्त्यावर आहे. समोर वाहनं, शेजारी पत्रे कापणारा, पलीकडे भांडीवाला. तिथे शिट्टी दबून जायची. घरातली ती अर्ध्या लोटलेल्या खिडक्यांची खोली मात्र त्यांना सोसेना. शांतता पसरली की शिट्टी घरमालकासारखी आत यायची. आणि बायकोचं बोलणं ऐकायचं तर त्या शिट्टीच्या अलीकडे ऐकायचं की पलीकडे, याचाच झगडा. त्यात त्यांना आणखी एक धास्ती. आवाज शोधणाऱ्या माणसाच्याच कानात आवाज आहे, हे गल्लीला कळलं तर पेचकस खुंटीला टांगावा लागेल. म्हणून त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. कारण बायकोला सांगणं आणि गल्लीला सांगणं यांत त्यांच्या अनुभवाप्रमाणे फक्त एका जिन्याचं अंतर होतं.

वहिनींनी सुरुवातीला थट्टा केली. मग थट्टा थांबली. एकदा आमच्याकडे येऊन बसल्या, तर बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. आम्ही घाबरलो. शेवटी म्हणाल्या, “माणसाला एखाद्याचा आवाज इतक्या वर्षांनी नकोसा होतो का हो?” आणि उत्तराची वाट न बघता खाली गेल्या.

मिस्त्री कानाच्या डॉक्टरकडे गेले, तेही पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. तपासण्या करून म्हणाला, “तुमचं वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं कमी झालंय. आयुष्यभर ग्राइंडर चालवलात, कानात बोळे घातले नाहीत. तो आवाज बाहेर कुठे नाहीये, ऐकण्याची यंत्रणाच तो तयार करते. धोक्याचं काही नाही.”

“मग कुठला भाग बदलायचा?”

“भाग मिळत नाही.”

“थोडा घट्ट करून?”

डॉक्टर हसला, पण चेष्टेने नाही. “काका, तो बंद करायच्या मागे लागलात तर तो वाढल्यासारखा वाटेल. अगदी शांत खोलीत बसू नका. काहीतरी हलका, एकसारखा आवाज असू द्या. आणि घाबरू नका. मन हळूहळू त्याच्याकडे लक्ष द्यायचं सोडतं. वेळ लागतो.”

म्हणजे सवय करा. गिऱ्हाइकाला ‘सवय होईल’ सांगणारा मिस्त्री हा मिस्त्रीच नव्हे, असं ज्यांनी जन्मभर मानलं, त्यांना हा सल्ला पैसे देऊन विकत घ्यावा लागला.

परतीच्या वाटेवर त्यांना बाई आठवल्या.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. मागच्या गल्लीत एकट्या राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी मिस्त्रींना बोलावून सांगितलं होतं की घरात एक बारीक शिट्टी वाजते, बहुधा पंखा असावा. पंखा जुना होता, चालताना घुमायचा. मिस्त्रींनी तो उतरवून बेअरिंगं बदलली, पाती तोलून बसवली, दांड्याचं रबर नवं घातलं. पंखा असा गप्प झाला की फिरतोय हे बघूनच कळावं. मिस्त्रींच्या उत्तम कामांपैकी ते एक. आठवड्याने बाईंचा निरोप आला की शिट्टी आहेच, आणि वाढली आहे. मिस्त्री पुन्हा गेले, पेचकस लावला आणि म्हणाले, “बाई, पंख्यात काही नाही. आवाज तुमच्या डोक्यात आहे.” निदान अगदी बरोबर होतं. बाईंनी त्यानंतर त्यांना बोलावलं नाही.

दवाखान्यातून मिस्त्री थेट बाईंच्या दारात गेले. बाईंनी दार उघडून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलींना बहुधा अशाच बघत असतील.

“मी बोलावलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“नाही. मीच आलो.” मिस्त्री चपला काढून उभेच राहिले. “ती शिट्टी. अजून आहे?”

बाईंनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, “तुमची कधीपासून?”

मिस्त्री खुर्चीवर बसले. कधी एकदा कोणाला सांगतो असं त्यांना झालं होतं. फ्रिजपासून डॉक्टरपर्यंत सगळं सांगितलं, आमचा पंपही वगळला नाही. बाई पंपाच्या जागी हसल्या.

“डॉक्टर मला तेच म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “हलका आवाज असू द्या. मी म्हटलं, होता हो. पंखा होता माझा. छान घुमायचा. त्याच्या घुमण्याखाली ती शिट्टी बरीचशी झाकून जायची, तेव्हा मला हे माहीतही नव्हतं. तुम्ही येऊन पांघरूण काढून घेतलंत.”

मिस्त्रींनी वर बघितलं. पंखा फिरत होता. आवाज अजिबात नव्हता. इतकं निर्दोष काम आपल्या हातून झाल्याचं त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटलं.

“मग इतकी वर्षं काय केलंत?”

“रेडिओ लावते, पण तो बोलतो. त्याचं ऐकावं लागतं. खिडकी उघडी ठेवते. सकाळी नळ बारीक सोडून बसत होते, पण पाण्याची नासाडी होते. आणि पहिल्या वर्षी जेवढी रडले, तेवढी आता रडत नाही. शिट्टी तीच आहे. मीच तिला उत्तर देणं बंद केलंय.” बाईंनी पदर सारखा केला. “घरी सांगितलंत?”

“नाही.”

“बायको काय समजली असेल?”

मिस्त्री म्हणाले, “काय समजणार?” आणि मग ती काय समजली असेल हे त्यांच्या ध्यानात आलं. ते उठलेच.

“बसा,” बाई म्हणाल्या. “आधी हा पंखा होता तसा करून द्या. मग जा. घरी जाऊन काय करायचं याचा तुम्हांला सराव होईल.”

मिस्त्री दुकानातून भंगाराचा डबा घेऊन आले. झिजलेली बेअरिंगं, बुश, वॉशर, लोकांच्या घरांतून हद्दपार केलेले सगळे आवाज त्या डब्यात होते. शिडीवर चढून ते एकेक बेअरिंग बसवायचे, पंखा लावायचे आणि बाई खाली डोळे मिटून बसायच्या.

“हा कर्कश.”

बदललं.

“हा ठसकतो. नापास.”

बदललं.

“हा बरा आहे, पण याच्या मनात काहीतरी आहे.”

मिस्त्रींचा जन्म चांगली बेअरिंगं निवडण्यात गेला होता. नेमकं वाईट निवडायला किती अक्कल लागते, ते त्यांना त्या दुपारी कळलं. शेवटी एक जुनं बेअरिंग बसलं आणि पंखा घुमायला लागला. खालच्या पट्टीत, एकसारखा, कोणी दूरवर अंगण झाडत असावं तसा. बाईंनी डोळे उघडले नाहीत. मिस्त्री शिडीवरच थांबले. त्यांच्याही खांद्यांवरचा भार उतरल्यासारखा झाला होता. शिट्टी होती, पण आता ती खोलीतली एकटी नव्हती.

“पडायची भीती नाही,” ते खाली उतरून म्हणाले. “मजबूत आहे, नुसता बेसूर आहे. वर्ष-दोन वर्षांत आणखी बिघडेल.”

“चालेल,” बाई म्हणाल्या. “मीही बिघडेन.”

त्या दिवशी मिस्त्री दिवेलागणीच्या आधी घरी आले. पुढचं वहिनींनीच आम्हांला सांगितलं, म्हणजे मिस्त्रींची जिन्याची धास्ती खरी होती. पण तोवर त्यांची हरकत उरली नव्हती.

मिस्त्रींनी दारातच सांगायला सुरुवात केली. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही न बोलता. मग म्हणाल्या, “म्हणजे माझा आवाज नव्हता?”

“तुझा कसा असेल?”

“मला वाटलं, माझी बडबड नको झाली. मी गेले किती दिवस भिंतीशी हळू बोलतेय, आवाज बदलून बघतेय.” आणि त्या रडायला लागल्या, मग रडता रडता चिडल्या. “त्या पंपाला विचारायला वर गेलात. बायकोला विचारायला खालच्या मजल्यावरून कुठे जायचं होतं?”

“तू गल्लीभर सांगशील असं वाटलं.”

“सांगणारच होते. त्यात काय लपवायचंय? चष्मा लागल्यावर लपवलात का?”

मिस्त्रींनी भंगाराचा डबा उघडला आणि पुढच्या खोलीत पंख्याखाली शिडी लावली. वहिनी डोळे पुसून खाली चटईवर बसल्या आणि बाईंपेक्षाही कडक परीक्षक निघाल्या. एक बेअरिंग थेट सासूबाईंसारखं घोरतं म्हणून बाद झालं. दुसरं मिस्त्रींना पसंत होतं, पण वहिनी म्हणाल्या, “यात माझं बोलणं बुडतं. मला वर ओरडायचं नाहीये.” तिसऱ्यावर दोघांचं जमलं. मिस्त्रींच्या कानाला पुरेल एवढा जाड आणि वहिनींना आरपार बोलता येईल एवढा विरळ.

गल्लीला बातमी दुसऱ्या दिवशी कळली. दुकान चालूच आहे. बुश आणि बेअरिंगचे आवाज जाड असतात, ते मिस्त्रींना पेचकसातून पूर्वीसारखेच कळतात. फार बारीक आवाज असला तर ते गिऱ्हाइकाला सरळ विचारतात, “तुम्हांला ऐकू येतोय ना? मग आहे.” ग्राइंडर चालवताना कानात बोळे घालतात. आणि तपासून काहीच सापडलं नाही, तर ‘डोक्यात आहे’ म्हणत नाहीत. खुर्ची पुढे करतात.

शिट्टी गेलेली नाही. दिवस वाईट गेला, झोप अपुरी झाली की चढते. दुपारी मात्र मिस्त्री घरी येतात. परवा आम्ही जळालेल्या पंपाची आठवण करून द्यायला खाली गेलो, तर खिडक्या अर्ध्या लोटलेल्या, पंखा घुमतोय आणि वहिनी कोपऱ्यावरच्या घरातल्या लग्नाची बातमी रंगवून सांगताहेत. मिस्त्री पडून होते. एकदम डोळे उघडून म्हणाले, “अगं, आत्ता मधे शिट्टी नव्हती. बराच वेळ.”

“मग?”

“आता आहे.”

“तुम्हांला कोणी सांगितलं होतं बघायला जायला,” वहिनी म्हणाल्या. “गप पडा. तर मुलीची आई काय म्हणाली...”

“हं,” मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी आवाज थोडा खाली आणला. आम्ही पंपाचा विषय न काढता जिना चढून वर आलो.