डाळिंबाची तहान

आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाचं. घरामागं तलाव आणि अंगणात पेरू. त्या पेरूला कुणी कधी पाणी घातल्याचं मला आठवत नाही. आठवीत माझी शाळा सुटली, आणि पुढं सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायच्या कामाला आले. खोली मिळाली ती एका घराच्या मागच्या अंगणात. दारासमोरच डाळिंबाचं झाड.

घरमालकीण काकूंनी ओळख ना पाळख, मला ठेवून घेतलं. पहिले काही दिवस जेवणही त्यांच्याकडंच. याची फेड कशी करायची कळेना, म्हणून रोज संध्याकाळी झाडाला बादलीभर पाणी घालू लागले. झाड हिरवंगार झालं. फूल मात्र एक नाही.

काकूंचा मुलगा वैतागायचा. "आई, फळ न्हाय, फूल न्हाय, नुसता पाला. दिवाळी झाली की काढतो आणि गाडी लावतो हितं."

एवढ्या लांबच्या गावात माझ्या हातानं वाढलेलं ते एकच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी वाढवलं.

दिवाळीला सांगोल्याहून काकूंच्या बहीण आल्या. त्यांची डाळिंबाची बाग. बुडाशी चिखल बघून हसायलाच लागल्या.

"कोण घालतंय गं एवढं पाणी? झाड हाय का म्हैस?"

"मी, मावशी."

"बंद कर. ताण दे त्याला, पानं गळू दे."

"मरेल ना ते!"

"न्हाय मरत. तहान लागली की मग फुलायचं सुचतंय त्याला."

काकूंनी मुलाला बजावलं, "संक्रांत होऊ दे. मग काय तोडायचं ते तोड."

तहानेनं फूल येतं? मला पटेना, पण बघितल्याशिवाय राहवेना. कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी झाडापाशी. पानं पिवळी पडली, मग गळू लागली. आत काय चाललं असेल त्याच्या? बादली मुद्दाम बाजूला ठेवलीय हे कळत असेल का? एकदा न राहवून बादली भरून घेतलीच.

"पोरी, ठेव ती खाली," खिडकीतून काकूंचा आवाज.

संक्रांत आली तशी काकूंनी बुडाशी शेणखत घातलं आणि पाणी माझ्या हातानं द्यायला लावलं. उघड्या फांद्यांवर आधी तांबूस पालवी आली. मग एका सकाळी शेंदरी कळी, मेणाची केल्यासारखी जाड. मी हाक मारली तशा काकू पिठाच्या हातानं धावत आल्या. मागोमाग मुलगा. वाकून बघत म्हणाला, "एकच हाय की."

"मग? तुला काय हार करायचाय?"

गाडी तो अजून फाटकाबाहेरच लावतो.

संध्याकाळी आईला फोन केला. आमचा पेरू अलीकडं फळ धरत नाही, असं ती म्हणाली होती.

"त्याचं पाणी तोडून बघ ना, आई."

आई म्हणाली, "पेरूचं पाणी तोडाचं म्हणजे तलावच उचलून नेवा लागन, बाई."